गर्भाशयाच्या आतली परांची : चिकटलेलं अस्तर कोलॅजेन, जेल आणि पेशींनी दुरुस्त होतं का?

सूक्ष्मदर्शी

वंध्यत्वावरच्या प्रत्येक धाग्यात "पिशवी आतून चिकटलीय, आता काय?" हा प्रश्न येतो आणि कुणीतरी "स्टेम सेल करून बघा" असं एका ओळीत सांगून पुढे जातं. म्हणून हा वेगळा धागा. प्रयोगशाळेत काय होतं, माणसात काय झालंय आणि कुठे अडतं, एवढंच इथे लिहू या.

आधी रचना. गर्भाशयाच्या अस्तराचे दोन थर. वरचा दर पाळीला गळतो, खालचा तळथर राहतो. हरळीसारखं समजा. वरून कितीही कापा, मुळ्या शाबूत असतील तर पुन्हा उगवते. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं) खोलवर झालं तर मुळ्याच खरवडल्या जातात. त्या आठवड्यांत भिंत मऊ असते आणि इस्ट्रोजेन कमी, त्यामुळे धोका सर्वात जास्त. उघड्या पडलेल्या दोन भिंती समोरासमोर टेकतात आणि मध्ये तंतूंचे पूल तयार होतात. हाच अशरमन सिंड्रोम. जोसेफ अशरमन यांनी १९४८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, फ्रिट्श यांची नोंद तर १८९४ची आहे. आपल्याकडे याला दुसरंही मोठं कारण आहे, जननमार्गाचा क्षयरोग.

टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये 'स्कॅफोल्ड' म्हणतात त्याला मराठीत परांची हा चपखल शब्द आहे. गवंड्याला, इथे पेशींना, उभं राहायला आधार, आणि भिंत झाली की काढून टाकायची. फरक एवढाच की ही परांची, बहुतेकदा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची, स्वतःच विरघळायला हवी, आणि वेळेवर.

माझं मत आधीच सांगतो. आजघडीला या परांचीचं पहिलं काम पेशी वाहून नेणं नसून दोन भिंती वेगळ्या ठेवणं हे आहे. पेशींची जाहिरात होते, भिंती वेगळ्या ठेवण्याची होत नाही.

शंकासुर

मग साधा फुगा ठेवून भागत नाही का? तेवढ्यासाठी कोलॅजेन कशाला?

दुर्बीणवाली

भागतं की. सौम्य केसेसमध्ये फुग्यावरच भागतं. क्रम असा. हिस्टेरोस्कोपने, म्हणजे पिशवीत घालायच्या दुर्बिणीने, आत बघत बारीक कात्रीने चिकटे सोडवायचे. विजेचा वापर शक्यतो टाळायचा, कारण उरलंसुरलं अस्तरही भाजतं. मग लहान मुलांसाठीचा ८ किंवा १० फ्रेंच (जाडीचं माप) फोली कॅथेटर, म्हणजे टोकाशी फुगा असलेली नळी, आत, टोक फुग्याच्या पुढे कापून टाकलेलं, म्हणजे ते वरच्या भिंतीला टोचत नाही. फुग्यात ३ मिलि सलाईन, फार तर ५. पाच ते सात दिवसांनी काढायचा. सोबत तोंडातून इस्ट्राडायॉल व्हॅलरेट, बहुधा दिवसाला ४ ते ६ मिग्रॅ, तीन-चार आठवडे, आणि शेवटचे दहा दिवस प्रोजेस्टेरॉन. डोस पेशंट बघूनच ठरतो, इथे वाचून कुणी घेऊ नये. त्यानंतर पुन्हा दुर्बिणीने पाहणी. ही दुसरी पाहणी टाळली की नव्याने झालेले पातळ पडदे घट्ट होऊन बसतात. पातळ असताना ते दुर्बिणीच्या टोकानेही सुटतात.

चुकतं कुठे, तर "जास्त फुगवला तर जास्त सुटेल" या समजुतीत. आतली पोकळी मुळात चार-पाच मिलिची. फुगा ताणून बसवला की भिंतीचा रक्तपुरवठाच दाबला जातो आणि जे वाचवायचं तेच मरतं.

दुसरी अडचण आकाराची. फुगा गोल, पोकळी त्रिकोणी. दोन्ही बाजूंचे वरचे कोपरे, जिथे नलिका उघडतात, तिथे फुगा पोचतच नाही. पुन्हा चिकटतं ते तिथेच. म्हणून क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेलं, हायलुरॉनिक आम्लाचं जेल वापरतात. ते कोपऱ्यात शिरतं आणि साधारण आठवडाभर टिकतं. गंभीर केसमध्ये, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त पोकळी घट्ट चिकटलेली आणि पाळी बंद, तिथे हे सगळं करूनही पुन्हा चिकटण्याचं प्रमाण मोठं आहे. कोलॅजेनची परांची त्यांच्यासाठी.

रसायनी_गडी

कोलॅजेनचा स्पंज कसा करतात ते लिहितो, कारण पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

टाइप-१ कोलॅजेन, ०.५ ते १ टक्का, ०.०५ मोलर ॲसेटिक आम्लात. भांडं बर्फात ठेवून घोटायचं. घोटणीने तापलं की कोलॅजेनची तिपेडी वीण उसवते आणि हातात जिलेटिन उरतं. मग व्हॅक्यूम लावून हवा काढायची. ही पायरी कंटाळवाणी म्हणून उरकली की स्पंजमध्ये मोठी भोकं पडतात आणि पेशींचं द्रावण त्यातून सरळ खाली गळतं. ट्रेमध्ये तीनेक मिमीचा थर ओतून गोठवायचं. मिनिटाला अर्धा ते एक अंश, या वेगाने उणे ४० पर्यंत. बर्फाचे खडे जेवढे, तेवढीच पुढे छिद्रं. झटकन गोठवलं तर छिद्रं बारीक होतात आणि पेशी वरच बसून राहतात. आपल्याला शंभर ते दोनशे मायक्रॉन हवेत. मग फ्रीज ड्रायरमध्ये (गोठलेल्यातला बर्फ उडवून सुकवणारं यंत्र) २४ ते ४८ तास.

नुसता असा स्पंज आत ठेवला तर दोन-चार दिवसांत लगदा. म्हणून क्रॉसलिंक. ईडीसी आणि एनएचएस ही बांधणी करणारी रसायनं, कोलॅजेनवरच्या कार्बॉक्सिल गटांच्या तुलनेत ५:२:१ हे मोलर प्रमाण, पीएच साडेपाचच्या आसपास, दोन-चार तास. मग सोडिअम फॉस्फेटने आणि पाण्याने भरपूर धुणं, पुन्हा फ्रीज ड्राय.

दोन्ही टोकांना खड्डा आहे. क्रॉसलिंक कमी तर लगदा, जास्त तर चामडं. चामडं झालं की शरीर त्याला परकं समजून भोवती तंतूंची पिशवी विणतं, म्हणजे ज्या रोगावर उपाय करायचा तोच आपण आत ठेवून आलो. गर्भाशयात एक जादा भानगड आहे. अस्तरातून मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं (एन्झाइम) सुटतात, पाळीच्या वेळी तर फारच. कोलॅजेन तोडणं हा त्यांचा धंदाच. त्वचेसाठी जमवलेली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. कोलॅजेनेज घातलेल्या द्रावणात ३७ अंशांवर तुकडे ठेवून रोज सुकं वजन घ्या आणि मग क्रॉसलिंक ठरवा.

निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नाही म्हणजे नाहीच, बाहेर जिलेटिन येईल. २५ किलोग्रे मात्रेचा गॅमा किरणांचा मारा चालतो, पण थोडी साखळी तुटते, तेव्हा विरघळण्याची चाचणी गॅमानंतरच्या तुकड्यावर करायची. गॅमाआधीचे आकडे फाइलला लावून मोकळं होणारे पुष्कळ. एथिलीन ऑक्साइड वापरलात तर वायू निघून जाईपर्यंत हवेशीर ठेवणं आलं.

शंकासुर

आणि पेशी? त्या या स्पंजवर ओतायच्या फक्त?

सूक्ष्मदर्शी

ओतायच्या नाहीत, मुरवायच्या. स्पंज आधी ओला करून जादा पाणी निर्जंतुक जाळीवर निथळायचं. पेशींचं द्रावण स्पंज जेवढं पितो त्याच्या पाऊणपटच घ्यायचं. जास्त झालं तर पेशी डिशच्या तळाला चिकटतात आणि मोजताना वाटतं सगळ्या स्पंजमध्येच आहेत. एकाच जागी थेंब न टाकता फिरवत टाकायचे, ३७ अंशांवर तास-दीड तास चिकटू द्यायचं, मगच माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव. पाचव्या पॅसेजच्या (वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात हलवण्याची फेरी) पुढच्या पेशी वापरू नयेत. मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि जंतुवाढ या तिन्ही चाचण्यांशिवाय काहीही बाहेर जाऊ नये. नाळेतल्या पेशी, अस्थिमज्जेतल्या पेशी आणि अस्तरातल्याच मेझेन्कायमल पेशी (आधार-ऊतींच्या मूळपेशी), असे तीन मुख्य स्रोत. यातल्या शेवटच्या प्रकारच्या पेशी मासिक स्रावातूनही मिळतात. मेलबर्नच्या गार्गेट यांच्या गटाने सीडी१४०बी आणि सीडी१४६ या पेशीच्या पृष्ठावरच्या खुणांवरून त्या वेगळ्या काढल्या.

आता माणसातले निकाल.

२०११ मध्ये अहमदाबादच्या डॉक्टरांनी तीव्र अशरमनच्या एका रुग्णात तिच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वापरल्या आणि पुढे आयव्हीएफने गर्भधारणा झाल्याचं प्रसिद्ध केलं. २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्सने सहा रुग्णांची माहिती दिली, पाच जणींची पाळी परत आली. या दोन्हींत परांची नाही, पेशीच. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने २०१६ मध्ये १६ जणींच्या गर्भाशयाच्या बारीक धमन्यांत कॅथेटरने अस्थिमज्जेतल्या, सीडी१३३ खूण असलेल्या पेशी सोडल्या.

परांचीसकट मोठं काम चीनमधल्या नानजिंगच्या ड्रम टॉवर हॉस्पिटलचं. २०१८ मध्ये त्यांनी पहिल्या टप्प्याची चाचणी छापली. चिकटे वारंवार होणाऱ्या २६ स्त्रिया, कोलॅजेनच्या परांचीवर नाळेतल्या पेशी. ३० महिन्यांत दहा जणींना दिवस राहिले, आठ बाळंतपणं सुखरूप.

निशिगंध

आठ हा आकडा जाहिरातीत टाकायला छान आहे. पण पहिल्या टप्प्याच्या चाचणीत तुलनेचा गट नसतो, ती सुरक्षितता बघायला असते. त्याच स्त्रियांचे चिकटे पुन्हा एकदा तज्ज्ञ हाताने सोडवले गेले, भिंती वेगळ्या राहिल्या, हार्मोन्स मिळाली. यातलं किती श्रेय पेशींचं? त्या चाचणीतून ते सुटं करता येत नाही.

शिवाय रोपलेल्या मेझेन्कायमल पेशी फार दिवस टिकत नाहीत. प्राण्यांत खूण लावून बघितलं की काही आठवड्यांत मोजक्याच सापडतात. त्या अस्तर 'बनतात' असं म्हणणं धाडसाचं. व्हीईजीएफसारखे (रक्तवाहिन्या वाढवणारे) वाढघटक सोडून त्या शेजारच्यांना कामाला लावतात. मग थेट घटकच परांचीला बांधा ना. तेही झालंय. कोलॅजेनला चिकटणारं शेपूट जोडलेला बीएफजीएफ हा वाढघटक उंदरांच्या गर्भाशयात वापरला गेला २०११ मध्ये. शेपूट नसेल तर घटक एक-दोन दिवसांत वाहून जातो.

सूक्ष्मदर्शी

मान्य. धाग्याच्या सुरुवातीला मी तेच म्हणत होतो.

दुर्बीणवाली

बसवण्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. कोरडा स्पंज ठिसूळ, पूर्ण भिजलेला म्हणजे ओल्या टिश्यू पेपरसारखा, चिमट्यात धरला की फाटतो. मधली अवस्था लागते. दमट, वाकेल इतपत. रिकाम्या फुग्याभोवती एकच वेढा गुंडाळायचा, छिद्राळ बाजू बाहेर भिंतीकडे, गुळगुळीत बाजू फुग्याकडे. गर्भाशयाचं मुख हेगरच्या (मुख रुंदावायच्या सळीच्या) ८-९ नंबरपर्यंत उघडलेलं हवं, नाहीतर आत जाताना स्पंज मागे सरकून गुंडाळी मुखातच राहते. पोटावरून सोनोग्राफी लावून आत पोचल्यावरच फुगा हळूहळू भरायचा, म्हणजे वेढा उलगडून भिंतीला लागतो.

काढताना घाई होते. फुगा पूर्ण रिकामा करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, कॅथेटर थोडा फिरवायचा, मग ओढायचा. अर्धवट रिकाम्या फुग्यासोबत अख्खी परांची बाहेर येते.

आणि क्षयरोग. बायोप्सीत क्षय असेल तर आधी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, पूर्ण. क्षयाने तळथर आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या दोन्ही खाल्लेल्या असतात. हरळी लावायला मातीच नाही. अशा ठिकाणी परांचीकडून फार अपेक्षा ठेवू नये हे पेशंटला आधी स्पष्ट सांगावं.

पदर

हे सगळं अस्तराचं झालं. सिझेरियनच्या व्रणापाशी स्नायू पातळ होऊन खड्डा पडतो, किंवा गाठ काढताना भिंतीचा तुकडाच जातो. तिथे ठिगळ लावता येईल का?

सूक्ष्मदर्शी

इथे खेळ बदलतो. अस्तराला आधार म्हणून खाली जिवंत स्नायू असतो, रक्त तिथून येतं. भिंतीच्या पूर्ण जाडीचं ठिगळ म्हणजे रक्तवाहिन्या आपणच द्यायच्या. रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनच्या पलीकडे पेशीला प्राणवायू पोचत नाही, आणि भिंत असते सेंटिमीटरच्या हिशेबात. वर ताण. रिकामं गर्भाशय साधारण ७० ग्रॅम, भरल्या दिवसांत किलोच्या वर, आतला आकार दहा मिलिच्या आतून पाच लिटरपर्यंत. विजेचाही प्रश्न आहे. कळ म्हणजे पेशीतून पेशीत कनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या दारांतून धावणारी लाट. ठिगळात ती दारं नसतील तर लाट तिथे अडते आणि ताण ठिगळाच्या कडेला साचतो. फाटलं तर कडेलाच फाटणार.

तरीही सर्वात नेमकं काम याच दिशेने झालंय. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या अटाला यांच्या गटाने २०२० मध्ये सशांवर केलेलं. पीजीए या विरघळणाऱ्या प्लास्टिकचं न विणलेलं कापड, त्यावर पीएलजीए या त्याच्याच भावंडाचा लेप. त्याच सशिणीच्या अस्तराच्या आणि स्नायूच्या पेशी वेगवेगळ्या वाढवून त्यावर पेरल्या आणि गर्भाशयाच्या शिंगाचा कापलेला भाग त्याने भरला. पेशी पेरलेल्या गटात दहापैकी चार सशिणींत, नेमक्या दुरुस्त केलेल्या भागात, गर्भ पूर्ण दिवस वाढून जिवंत पिल्लं झाली. नुसता साचा बसवलेल्या किंवा नुसते टाके घातलेल्या गटांत हे झालं नाही. म्हणजे भिंतीच्या बाबतीत पेशी लागतातच. अस्तराबद्दल मी वर जे म्हटलं ते इथे लागू होत नाही.

पण सशाचा गर्भकाळ महिन्याभराचा, भिंत पातळ, पिल्लं छोटी. आणि ससा काय, उंदीर काय, यांना पाळी येत नाही. दर महिन्याला गळून पुन्हा उगवणाऱ्या थराची परीक्षा या प्राण्यांत होतच नाही.

रसायनी_गडी

पीजीएबद्दल एक पुस्ती. ओल्या जागी पीजीएचा धागा महिन्याभरात जवळपास सगळा ताण सोडतो आणि विरघळताना आम्ल सुटतं. तोवर खऱ्या स्नायूने भार उचललेला हवा. म्हणून सशांतही आधी काही महिने भरू दिलं, मग समागम.

शंकासुर

दात्याचं गर्भाशय धुऊन त्यातल्या पेशी काढायच्या आणि आपल्या भरायच्या, असं वाचलंय. मग पुण्यात झालं तसं प्रत्यारोपण आणि त्यानंतरच्या औषधांची कटकटच नको.

निशिगंध

कल्पना तीच आहे. स्वीडनमध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून पहिलं मूल २०१४ मध्ये झालं. पुण्याच्या गॅलेक्सी केअरमध्ये मे २०१७ मध्ये आईचं गर्भाशय मुलीला बसवलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मूल झालं. मूल होईपर्यंत टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात आणि पुढे गर्भाशय काढून टाकतात. हे टाळता यावं म्हणून स्वीडनमधल्या योटेबोरी शहराचाच गट पेशीमुक्त गर्भाशयावरही काम करतोय. २०१४ मध्ये त्यांनी उंदरात तीन कृती ताडून बघितल्या, पेशी धुऊन काढणाऱ्या रसायनांच्या : दोन ट्रायटन आणि डीएमएसओच्या, एक सोडिअम डीऑक्सिकोलेटची. २०१६ मध्ये अशाच तुकड्यांवर पेशी भरून लावलेल्या उंदरिणींना दिवस राहिले. पण हे तुकडे आहेत, अख्खा अवयव नाही. अख्ख्या अवयवात रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर सलग भरलं नाही, तर रक्त जोडताच गुठळ्या होतात.

दरम्यान कुणी दवाखान्यात "स्टेम सेल पॅकेज" विकत असेल तर एवढंच विचारा : सीटीआरआयवर (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद क्रमांक काय, एथिक्स कमिटी कुठली, आणि मी पैसे का भरतेय? २०१९च्या नवी औषधं आणि चाचण्यांच्या नियमांत मूळपेशींपासून केलेलं उत्पादन 'नवं औषध' धरलेलं आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यक संशोधन परिषद) हिच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर हे मंजूर चाचणीबाहेर देता येत नाही. पीआरपी म्हणजे मूळपेशी नव्हेत, ते रक्तातल्या प्लेटलेट्सचं द्रावण. पावतीवर काय लिहिलंय ते नीट वाचा.

पदर

पेशी पूर्ण निघाल्या हे कशावरून ठरवतात? आमच्याकडे शेळीच्या गर्भाशयाचे तुकडे एसडीएस या साबणासारख्या रसायनाने धुतोय. पीबीएसने (फॉस्फेट आणि मिठाचं द्रावण) धुताना पांढरं काहीतरी तयार होतं आणि नळीतला दाब वाढतो.

रसायनी_गडी

निकष तीन. सुक्या वजनाच्या दर मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी दुपदरी डीएनए, तुकडे २०० बेसपेअरपेक्षा लहान, आणि डॅपी (डीएनएला लागणारा चमकणारा रंग) किंवा एच-ई (ऊती रंगवायचा नेहमीचा रंग) लावल्यावर एकही केंद्रक दिसता कामा नये.

पांढरं म्हणजे बहुधा पोटॅशिअम डोडेसिल सल्फेट. पीबीएसमध्ये पोटॅशिअम असतं, ते एसडीएसशी भेटलं की न विरघळणारा मीठगाळ होतो आणि केशिका बुजतात. थंड खोलीत आणखी लवकर. एसडीएसनंतर आधी डिस्टिल्ड पाणी, मग नुसतं ०.९ टक्के सोडिअम क्लोराइड, आणि पीबीएस शेवटी. हे सगळं खोलीच्या तापमानावर, ४ अंशांवर नाही, तिथे एसडीएस स्वतःच खडे धरतो.

गाळ नसून चिकट शेंबडासारखं असेल तर तो फुटलेल्या पेशींचा डीएनए. मग डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) लागेल. पण एसडीएस शिल्लक असताना डीएनेज घातलं तर ते विकरच मरतं. आणि बफरमध्ये ईडीटीए ठेवू नका, ते मॅग्नेशिअम-कॅल्शिअम पकडून ठेवतं आणि त्यांच्याशिवाय डीएनेज चालत नाही. धुवणाचं पाणी छोट्या नळीत घेऊन जोरात हलवा. फेस टिकतोय तोवर धुणं चालू ठेवा, आणि फेस गेल्यावरही मिथिलीन ब्लूने उरलेला एसडीएस मोजा, डोळ्यावर विसंबू नका.

पदर

पोटॅशिअमचं लक्षातच आलं नव्हतं. उद्याच्या बॅचला सलाईन आधी घेते, दाबाचे आकडे इथे टाकते.